डेन्व्हर ते मोआब, मागे ट्रेलर आणि शेजारी अण्णा

आदला दिवस, शुक्रवार

ट्रकचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडला की आतल्या चौकटीवर एक पांढरं स्टिकर असतं, त्याला पिवळी पट्टी असते. दोन वर्षं मी हा ट्रक चालवतोय पण ते स्टिकर नीट वाचलं ते राहायचा ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतल्यावर. माझ्या फोर्ड एफ-१५० पिकअपवर लिहिलंय की माणसं आणि सामान मिळून १,६१२ पाउंडाच्या वर जाता कामा नये, म्हणजे साधारण ७३१ किलो. जिथून ट्रेलर घेतला तिथला माणूस म्हणाला होता, तुमचा ट्रक अकरा हजार पाउंड ओढतो आणि हा ट्रेलर सामानासकट सात हजाराच्या आत राहील, डोळे झाकून न्या. त्याने सांगितलं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं, कारण ट्रेलरचं जे वजन हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रकच्या मागे जोडणीसाठी बसवलेल्या गोळ्यावर टेकतं, ज्याला इथे टंग वेट म्हणतात, ते ट्रकच्या पाठीवर येतं आणि ते या १,६१२ मध्येच मोजायचं असतं.

मग काल रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसलो. मी, बायको, अकरा वर्षांची लेक आणि अण्णा मिळून ५४८ पाउंड. भरलेला ट्रेलर ६,२०० धरला तर त्याच्या १० ते १५ टक्के टंग वेट असावं लागतं, १३ टक्के धरले तर ८०६. वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे स्प्रिंग बार लावून वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारी जोडणी, हे स्वतःच ९० पाउंडाचं धूड. झाले १,४४४. उरले १६८ पाउंड, त्यात कूलर, जनरेटर, हत्यारांची पेटी, सगळं. अकरा हजाराची गोष्ट कुठे आणि १६८ कुठे. इथली आपली बरीच मंडळी आता ट्रेलर घ्यायला लागलीत किंवा भाड्याने घेतात, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय, ट्रक घेण्याआधी ते स्टिकर बघा, ब्रोशर नंतर बघा.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ३० वर्षं ड्रायव्हर होते, नाशिक डेपो. कसारा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला असेल त्याची मोजदाद नाही, पावसात, धुक्यात, दिवाळीच्या गर्दीत. गणपती झाले आणि ते आमच्याकडे आले, आणि सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आम्ही या ट्रिपसाठी धरला होता. माझा हिशोब त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि एकच विचारलं, "काट्यावर घातलीस का गाडी?"

म्हणून आज दुपारी काट्यावर. इथे मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात, लांबच लांब वजनकाटा, वेगवेगळ्या पट्ट्यांचा, पुढचा अ‍ॅक्सल एका पट्टीवर, मागचा दुसऱ्या, ट्रेलरची चाकं तिसऱ्या पट्टीवर उभी करायची आणि बटण दाबून आतल्या माणसाशी बोलायचं, वजनाची चिठ्ठी आत मिळते. आम्ही सगळे बसून, टाकीभर पेट्रोल घालून, तीन वेळा वजन केलं. एकदा हिचचे स्प्रिंग बार लावून, एकदा बार काढून, आणि एकदा ट्रेलर बाजूला ठेवून नुसता ट्रक. नुसता ट्रक ६,२००. ट्रेलर जोडून पण बार न लावता ट्रक ७,०१०. म्हणजे टंग वेट ८१०. एकूण १२,४००, म्हणजे ट्रेलर ६,२००. वहीतला आकडा आणि काट्यावरचा आकडा इतका जवळ आला की बरं वाटलं, पण खरं महत्त्वाचं निघालं ते पुढच्या अ‍ॅक्सलचं वजन. नुसत्या ट्रकला पुढे ३,३४० होते, ट्रेलर टेकल्यावर पुढचे झाले २,९८०, म्हणजे मागून दाबलं तसं पुढून उचललं गेलं, आणि ज्या चाकांनी गाडी वळवायची आणि ब्रेकचा मोठा भार घ्यायचा तीच हलकी झाली. बार लावल्यावर पुढे परत ३,२०० आले. हे बार तेवढ्यासाठीच असतात. त्यांनी ट्रकची ओढायची ताकद वाढत नाही, वजन फक्त वाटलं जातं.

अण्णांनी ती चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, जशी ड्युटीची चिठ्ठी ठेवायचे.

पहिला दिवस, शनिवार: डेन्व्हर ते फ्रुटा

सकाळी साडेसहाला निघालो. जोडणी करायला मला पाऊण तास लागतो आणि त्यात मी घाई करत नाही, त्या वेळात कुणाशी बोलतही नाही. कपलर, म्हणजे ट्रेलरच्या तोंडाची पकड, बॉलवर बसला आणि लॅच लावली की जॅकने ट्रेलरचं तोंड थोडं वर उचलून बघायचं, त्याबरोबर ट्रकचा मागचा भाग वर आला पाहिजे, आला तर कपलर पकडलाय, नाही आला तर नुसता टेकलाय. सेफ्टी चेन खालून एकमेकींवर फुली मारून लावायच्या म्हणजे कपलर सुटलाच तर तोंड रस्त्यावर न आपटता चेनच्या झोळीत पडतं. ब्रेकअवेची बारीक केबल वेगळी, ती चेनला अडकवायची नाही, ट्रकला अडकवायची, ट्रेलर तुटून निघाला तर ती पिन ओढली जाते आणि ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक लागतात. मग सात पिनांची वायर, मग लाईट. मागे उभं राहून लाईट बघायचं काम लेकीचं, ती "डावा, उजवा, ब्रेक" असं ओरडते. टायर गार असताना हवा मोजायची, ट्रेलरच्या टायरवर जी जास्तीत जास्त लिहिलेली असते तेवढी भरायची. माझ्या ट्रेलरचे टायर ताशी ६५ मैलांचेच आहेत, म्हणून रस्त्याची मर्यादा ७५ असो की ८०, आमची मर्यादा ६२.

घराबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर २० मैलाच्या वेगात नुसता ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून बघितला. ट्रकमधे ब्रेक कंट्रोलर असतो, त्याला गेन, म्हणजे ट्रेलरचा ब्रेक किती जोरात लागावा ते, द्यावा लागतो. कमी दिला तर ट्रेलर मागून ढकलतो, जास्त दिला तर त्याची चाकं लॉक होतात. चाक लॉक व्हायच्या जरा अलीकडे ठेवायचा.

लेकीने निघताना ट्रेलरच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. अण्णांनी शिकवलेलं, दोन म्हणजे चला, एक म्हणजे थांबा. डबल बेल.

आय-७० हायवे डेन्व्हरमधून निघाला की लगेच चढायलाच लागतो. आयझेनहॉवर बोगद्याचं पश्चिमेचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे, अण्णांना सांगितलं की कळसूबाईच्या दुपटीहून उंच, ते बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिले. या उंचीवर हवा विरळ, साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के कमी होते, टर्बोचं इंजिन बरंच सावरून घेतं, तरी आम्ही उजव्या लेनमधे ४५ ने चढलो. पंपावर अजून एक गोष्ट, कोलोरॅडोत सगळ्यात स्वस्त पेट्रोल ८५ ऑक्टेनचं असतं, ट्रेलर ओढताना मी ते घालत नाही, ९१ घालतो.

बोगदा १.७ मैलांचा. पहिली बाजू १९७३ साली सुरू झाली, दुसरी १९७९ साली. त्याच्या आधी सगळी रहदारी लव्हलँड पासवरून जायची, जवळजवळ बारा हजार फुटांवरून. अण्णा म्हणाले, "म्हणजे जुना घाट वर राहिला." बरोब्बर तेच.

बोगद्यातून बाहेर आलं की समोर ७ टक्क्यांचा उतार, आठेक मैल, थेट सिल्व्हरथॉर्नपर्यंत. मला ट्रिपमधला सगळ्यात जास्त धाक याच तुकड्याचा होता. चढताना इंजिन दमतं, आवाज करतं, पण वाईटात वाईट काय होईल तर गाडी हळू होईल. उतारावर साडेपाच टन वजन खाली जायला बघतंय आणि त्याला आवरायचंय. बोगदा संपायच्या आतच अण्णा म्हणाले, "आत्ताच गिअर उतरव. नंतर उतरवायला वेळ मिळत नाही." एसटीत त्यांना पहिल्या दिवशी शिकवलेलं, ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा, आणि न्यूट्रल कधी करायची नाही, डिझेल वाचतं म्हणून कुणी सांगितलं तरी नाही.

टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढताना गिअर खालचे ठेवणारी ट्रकची सोय, लावलेलाच होता, हाताने चौथ्यावर आणला, वेग ४०, आरपीएम चार हजाराच्या जवळ. सवय नसलेल्याला वाटतं इंजिन फुटणार, नाही फुटत, इंजिनच गाडी धरून ठेवतंय. वेग ४५ वर जायला लागला की ब्रेक ठामपणे दाबायचा, ३५ वर आणायचा आणि पूर्ण सोडून द्यायचा. सतत हलका पाय ठेवला तर ब्रेक तापत जातात आणि तापलेले ब्रेक नेमके हवे तेव्हा लागत नाहीत. वाटेत उजव्या हाताला रनअवे ट्रक रॅम्प दिसला, खडीने भरलेला चढ, ब्रेक गेलेल्या ट्रकने त्यात घुसायचं. अण्णांनी मान वळवून मागे जाईपर्यंत बघितला. "आपल्याकडे हे असतं तर..." एवढंच बोलले. त्यांच्या डेपोतली जुनी आठवण असणार, मी विचारलं नाही.

सिल्व्हरथॉर्नला उतरून थांबलो. अण्णांनी खाली उतरून ट्रेलरच्या चारही चाकांपाशी जाऊन वास घेतला आणि तळहात हबच्या जवळ धरला, न टेकवता. माझ्याकडे इन्फ्रारेड थर्मामीटर आहे, मी त्याने बघितलं, चारही चाकं दहा-पंधरा डिग्रीच्या फरकाने सारखी. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फारच गरम निघालं तर तो ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जातंय असं समजायचं. अण्णांचा हात आणि थर्मामीटर, दोघांचं उत्तर एकच आलं.

त्यानंतर व्हेल पास, १०,६६२ फूट, परत तोच चढ आणि तोच उतार, पण आता माझे खांदे सैल झाले होते. दोन्ही बाजूंना अ‍ॅस्पनची झाडं पिवळीधमक. पोळी-भाजी ट्रेलरमधेच बसून खाल्ली, हे एक सुख ट्रेलरचं, स्वतःचं स्वयंपाकघर मागे येतं. चालत्या ट्रेलरमधे मात्र आम्ही कुणालाही बसू देत नाही, आणि प्रोपेनची टाकी गाडी हलायच्या आत बंद.

ग्लेनवुड कॅनियनमधे रस्ता नदीच्या काठाने, कुठे कुठे दोन मजली, एका दिशेची लेन वर आणि दुसरी खाली, बारा मैल असा. १९९२ साली पूर्ण झाला. पलीकडच्या काठाने रेल्वे जाते. मर्यादा कमी आहे आणि वळणं आहेत, त्यामुळे मागे रांग लागते, लागू द्यायची. नदी कोलोरॅडो, अण्णांना सांगून ठेवलं की हीच नदी परवा आपण वरून बघणार आहोत.

फ्रुटाला स्टेट पार्कच्या कॅम्पग्राउंडला पोचलो तेव्हा पाच वाजून गेलेले, २६० मैलांना जेवणासकट साडेदहा तास. दक्षिणेला कोलोरॅडो नॅशनल मॉन्युमेंटचे लाल कडे उन्हात तापलेले. आता ट्रेलर मागे घेऊन जागेत लावायचा. स्टीअरिंगला खालून हात धरायचा, मग हात ज्या बाजूला नेऊ त्या बाजूला ट्रेलरचं बूड जातं, हे कळल्यावर निम्मं काम सोपं होतं, उरलेलं निम्मं म्हणजे हळू घेणं आणि जमलं नाही तर पुढे जाऊन परत सरळ करणं. अण्णा मागे उभे राहिले, मला आरशात दिसतील असे, आणि पत्र्यावर थाप मारत "येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बास." शेजारच्या जागेतलं म्हातारं जोडपं खुर्च्यांवरून बघत होतं, त्यांना शब्द कळले नसतील पण काम कळलं असणार. ट्रेलर सोडायच्या आधी चाकांना दोन्हीकडून चॉक, म्हणजे चाक अडवायचे ठोकळे, हे अण्णांनी स्वतः लावले, दुसऱ्या कुणाला लावू दिले नाहीत.

दुसरा दिवस, रविवार: फ्रुटा ते डेड हॉर्स पॉइंट

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायचंय.

डेड हॉर्स पॉइंट म्हणजे मोआबजवळचं उंचावरचं स्टेट पार्क, तिथे पाणी टँकरने वर आणतात, म्हणून येतानाच टाकी भरून आणा असं ते लोक सांगतात. मला वाटलं इथे नळ आहे तर इथेच भरून घेऊ, ४० गॅलन भरले. शिवाय रात्री आवराआवरी करताना पुढच्या कप्प्यातलं सामान, खुर्च्या, हत्यारांची जादा पेटी, पाण्याचे कॅन, असं दीडशे पाउंडाचं सगळं मागच्या बंक बेडखाली सरकवलं, कारण पुढचा कप्पा उघडताना त्रास होत होता. जागा बदलली, वजन तर तेवढंच आहे, असा विचार. परत काटा केला नाही.

फ्रुटा सोडलं, राज्याची सीमा ओलांडली, युटात मर्यादा ८०. दोन्ही बाजूंना उघडं माळरान, आडवा वारा. मी ६२ वर. डावीकडून एक मोठा सेमी ट्रक ८० च्या वेगात गेला. तो शेजारी आला तेव्हा आधी ट्रेलर त्याच्यापासून दूर ढकलला गेला आणि तो पुढे सरकल्यावर परत ओढला गेला, एवढं नेहमी होतं, एका हेलकाव्यात शांत होतं. आज झालं नाही. दुसरा हेलकावा पहिल्यापेक्षा मोठा, तिसरा त्याहून मोठा, आरशात एकदा डावीकडून ट्रेलर दिसतोय, एकदा उजवीकडून, आणि ट्रकचं मागचं बूड त्याच्याबरोबर हलायला लागलं. बायकोने लेकीचा हात धरला.

अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो जाऊ द्यायचा नाही. ट्रकचा ब्रेक दाबला की ट्रक हळू होतो आणि ट्रेलर मागून येऊन त्याला आडवा करतो. स्टीअरिंगने हेलकावे थांबवायचा प्रयत्नही करायचा नाही, आपला हात नेहमी अर्धा क्षण उशिरा पोचतो आणि झोका वाढतो. मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टीअरिंग सरळ घट्ट धरलं आणि डाव्या हाताने धरून उजव्या हाताने ब्रेक कंट्रोलरची पट्टी दाबली, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक. मागून धरून ओढल्यासारखं झालं आणि ट्रेलर सरळ रेषेत आला. ट्रकची स्वतःची, ट्रेलरचे हेलकावे आवरणारी स्वे कंट्रोल सिस्टीमही त्याच वेळी लागली, डॅशवर दिवा लागलेला दिसला. सगळं मिळून सहा-सात सेकंद असतील. गाडीत कुणी काही बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, "चाळीसवर ने. पुढे बाहेर पडायला मिळालं की घे बाजूला."

सिस्कोच्या एक्झिटला बाहेर पडलो. तिथे काहीच नाही, माळ आणि वारा. अण्णा ट्रेलरभोवती एक चक्कर मारून आले, मागचं दार उघडून बंकखाली बघितलं आणि म्हणाले, "गाडी उलाळ झालीय."

हा शब्द मी लहानपणी आजोळी ऐकलेला, मग कधीच नाही. बैलगाडीत ओझं आसाच्या मागे जास्त झालं की पुढून जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला फास बसतो, गाडी मागे कलते, ती उलाळ. ओझं फार पुढे घेतलं तर बैलांच्या मानेवर येतं. म्हणून गाडी भरणारा माणूस ओझं आसाच्या जरासं पुढे ठेवतो, मानेवर थोडा भार राहील इतपत. टंग वेट १० ते १५ टक्के म्हणजे दुसरं काय आहे. मी इतके दिवस आकडे पाठ करत होतो आणि माझ्या आज्याला ते न मोजता माहीत होतं.

ट्रकच्या बोनेटवर वही ठेवून हिशोब केला. पाण्याची टाकी ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या साधारण चार फूट मागे आहे, हिच अ‍ॅक्सलपासून सोळा फुटांवर. ४० गॅलन पाणी म्हणजे ३३४ पाउंड, त्याने टंग वेट ८३ ने कमी झालं. दीडशे पाउंड सामान अ‍ॅक्सलच्या आठ फूट पुढून काढून नऊ फूट मागे नेलं, त्याने आणखी १५९ ने कमी. ८१० चे राहिले ५७० च्या आत, आणि ट्रेलर झाला ६,५०० च्या वर. म्हणजे पावणेनऊ टक्के. दहाच्या खाली गेलो होतो, आणि तेही आडव्या वाऱ्यात.

टाकीचा कॉक उघडून सगळं पाणी तिथेच जमिनीला दिलं, वाळवंटात पाणी सोडताना जीव तुटला पण सोडलं. सामान परत पुढे, अ‍ॅक्सलच्या पुढे, जसं काट्यावर होतं तसंच. तास गेला. परत रस्त्याला लागलो, ५५ वर, आणि मोठमोठे ट्रक शेजारून गेले तरी ट्रेलर एकदा हलून गप्प. बायको म्हणाली, "अण्णा, तुम्ही होतात म्हणून." ते म्हणाले, "त्याने ब्रेकवर पाय नाही ठेवला, म्हणून." हे मला आयुष्यभर पुरेल.

क्रेसंट जंक्शनला आय-७० सोडून १९१ नंबरच्या रस्त्याने खाली, मोआबला. तिथे शहरात पाणी भरलं, यावेळी अर्धीच टाकी, २० गॅलन, आणि सगळ्यात जड वस्तू पुढे आहेत याची खात्री करून. तिथून परत उलटं थोडं उत्तरेला येऊन ३१३ नंबरच्या रस्त्याने वर. वळणावळणांचा चढ आहे, ३०-३५ ने गेलो, मागे गाड्या जमल्या की बाजूला घेऊन त्यांना जाऊ दिलं. २० गॅलन पाणी चार माणसांना दोन रात्री पुरतं, भांडी जपून घासली तर, आणि आम्ही जपून घासली.

तिसरा दिवस, सोमवार

ट्रेलर जागेवर, नुसता ट्रक घेऊन आर्चेस नॅशनल पार्कला गेलो. सोडवलेला ट्रक चालवताना पायाला सगळं हलकं लागतं, त्यामुळे वेगाकडे जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. डेलिकेट आर्चपर्यंत अण्णा चालत आले, सावकाश, दोनदा बसून. दगडाची ती कमान बघून त्यांनी हात जोडले. दुपारी मोआबमधे आइस्क्रीम. फोटो भरपूर काढलेत.

संध्याकाळी डेड हॉर्स पॉइंटच्या टोकावर. खाली दोन हजार फुटांवर कोलोरॅडो नदी, हंसाच्या मानेसारखा वळसा घालून गेलेली, शनिवारी जिच्या काठाने आलो तीच. या जागेच्या नावामागे एक गोष्ट सांगतात, की पूर्वी काउबॉय रानटी घोडे या टोकावर हाकलत आणत, टोकाचा गळा जेमतेम तीस यार्डांचा, तिथे झुडपांचं कुंपण घातलं की झाला कोंडवाडा. एकदा घोडे तसेच कोंडलेले राहिले आणि नदी डोळ्यांना दिसत असताना तहानेने मेले. अण्णांना हे सांगितलं आणि नंतर वाटलं उगाच सांगितलं. ते बराच वेळ कठड्यापाशी उभे होते. परतताना म्हणाले, "काल तू पाणी सोडलंस ना, तेव्हा मला बैलं आठवली. आमच्या गावी दुष्काळात..." आणि मग बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी, ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या, लेकीने तर नाहीच. रात्री साडेदहापर्यंत ट्रेलरच्या बाहेर बसलो होतो, वर आकाशगंगा स्पष्ट दिसत होती.

चौथा दिवस, मंगळवार: परत फ्रुटा

सकाळी सांडपाण्याच्या टाक्या डम्प स्टेशनवर रिकाम्या केल्या, त्यांचंही वजन असतं आणि त्या कुठे बसवल्यात त्यावर ट्रेलरचा तोल बदलतो, हे आता कधीच विसरणार नाही. चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासले, सगळे घट्ट. ३१३ चा उतार दुसऱ्या गिअरमधे, निवांत. वारा नव्हता. फ्रुटाला दोन वाजता पोचलो, अण्णा आणि लेक पत्ते खेळत बसले, मी झोपलो.

पाचवा दिवस, बुधवार: फ्रुटा ते घर

परतीला व्हेल पासचा चढ पश्चिमेकडून, मग सिल्व्हरथॉर्नपासून बोगद्यापर्यंतचा तो सगळा ७ टक्के आता वर. इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून, एसी थोडा वेळ बंद करून, चाळिशीत. एरवी गॅलनला २० मैल देणारा ट्रक ट्रेलर घेऊन ९-१० देतो, चढावर त्याहून कमी, म्हणून टाकी अर्धी झाली की भरायची, ट्रेलर घेऊन वळता येईल असा पंप दिसला की तिथेच.

बोगद्यापलीकडे जॉर्जटाउनपर्यंत उतार, मग फ्लॉइड हिल, आणि मग डेन्व्हर समोर दिसायला लागतं. इथे माणूस फसतो. सपाटी दिसते, शहर दिसतं, वाटतं घाट संपला. संपलेला नसतो. तिथे रस्त्यावर मोठे पिवळे फलक लावलेत ट्रकवाल्यांसाठी, की फसू नका, अजून चार मैल तीव्र उतार आणि वळणं आहेत. पुढे आणखी एक, की तुम्ही अजून खाली पोचला नाहीत, दीड मैल बाकी आहे. लेकीने आजोबांना प्रत्येक फलक वाचून मराठीत सांगितला. अण्णा खूश झाले, म्हणाले, "हे कुणीतरी ड्रायव्हरला विचारून लिहिलंय." गिअर मी खालीच ठेवला होता, डेन्व्हर दिसलं तरी ठेवला, तो शेवटचा उतार संपून रस्ता खरोखर सपाट होईपर्यंत.

ट्रेलर ठेवायच्या जागी पोचलो तेव्हा संध्याकाळ. अण्णांनी परत चारही चाकांपाशी हात धरून बघितलं, मग चॉक लावले, मग मी कपलर सोडला आणि ट्रक दोन फूट पुढे घेतला. आरशात दिसलं, खिशातली ती काट्याची चिठ्ठी नीट आत सारली त्यांनी, आणि ट्रेलरच्या पत्र्यावर एक थाप मारली. एकच.